ग्रुपमध्ये कोणी त्रास देत असेल तर: सदस्यांसाठी आणि अ‍ॅडमिनसाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोसायटी, वर्गमित्र, पालक, ट्रेक, भिशी, गावकरी अशा ग्रुपांतलं बोलणं आता बहुतेक व्हॉट्सअ‍ॅपवर होतं. म्हणून खालची उत्तरं मुख्यतः व्हॉट्सअ‍ॅप धरून आहेत. फेसबुक आणि टेलिग्राम जिथे वेगळे पडतात तिथे तसं सांगितलं आहे. अपडेटनुसार मेनूतले शब्द थोडे इकडेतिकडे होतात, पण मार्ग तोच राहतो.

वाद कुठे संपतो आणि त्रास कुठे सुरू होतो?

पार्किंगवरून दोघे तावातावाने भांडले, तर तो वाद आहे. त्याच भांडणात एकाने दुसऱ्याच्या बायकोवरून, जातीवरून किंवा आजारपणावरून शेरा मारला की तो त्रास झाला. बोलणं मुद्द्यावर आहे की माणसावर, हे आधी पाहा. मग समोरच्याने "थांबा" म्हटल्यावर ते थांबलं का, आणि एकाच माणसावर सगळे मिळून तुटून पडले का, हे पाहा. यातल्या एकाही प्रश्नाचं उत्तर खटकलं, तर तक्रार करायला तेवढं कारण पुरेसं आहे.

बराचसा त्रास ग्रुपवर दिसतच नाही. कोणीतरी ग्रुपमधून एखाद्या सदस्य बाईंचा नंबर उचलतो आणि रात्री अकराला "झोपला नाहीत का अजून?" असं विचारू लागतो. "ते ग्रुपबाहेर घडलं, आमचा संबंध नाही" असं म्हणून अ‍ॅडमिन इथे हात झटकतात. पण नंबर ग्रुपमुळेच हाती लागला, म्हणून ही बाब ग्रुपचीच आहे.

तक्रार करण्याआधी सगळ्यात आधी काय करायचं?

पुरावा जपायचा. उत्तर देण्याआधी, ब्लॉक करण्याआधी, ग्रुप सोडण्याआधी. हा क्रम चुकल्यामुळे खऱ्या तक्रारीही लंगड्या पडतात.

नुसता स्क्रीनशॉट बऱ्याचदा अपुरा ठरतो. त्यात वेळ दिसते, पण तारीख दिसतेच असं नाही. आणि नाव दिसतं ते तुम्ही सेव्ह केलेलं, नंबर नव्हे. म्हणून तीन चित्रं घ्या: तारखेची पट्टी दिसेल इतकं वर सरकवून घेतलेला मेसेज, त्याच्या आधीचे-नंतरचे काही मेसेज, आणि त्या माणसाचं प्रोफाइल उघडून दिसणारा पूर्ण नंबर. शक्य असेल तर स्क्रीन रेकॉर्डिंग सुरू करून ग्रुपच्या माहितीपासून त्या मेसेजपर्यंत एका दमात जा. जोडतोड झाली नाही, हे त्यातून दिसतं.

त्यानंतर चॅट एक्स्पोर्ट करा. अ‍ॅन्ड्रॉइडवर ग्रुप उघडून वरच्या तीन ठिपक्यांत "मोअर" आणि तिथे "एक्स्पोर्ट चॅट", तर आयफोनवर ग्रुपच्या माहितीत अगदी खाली. फोटोंसकट एक्स्पोर्ट केलं तर कमी मेसेज येतात, फक्त मजकूर घेतला तर खूप जास्त. म्हणून दोन्ही प्रकारे काढून स्वतःच्या ईमेलवर पाठवा. ग्रुपमध्ये "अ‍ॅडव्हान्स्ड चॅट प्रायव्हसी" चालू असेल तर एक्स्पोर्ट बंद असतं. तेव्हा रेकॉर्डिंग हाच आधार.

चित्र कापू नका, त्यावर लाल गोल काढू नका. काढायचेच असतील तर वेगळ्या प्रतीवर काढा. ज्या फोनवर मेसेज आला तो विकू किंवा फॉरमॅट करू नका. आणि एका साध्या वहीत तारीख, वेळ, काय लिहिलं आणि आणखी कोणी पाहिलं एवढं टिपून ठेवा. दोन महिन्यांनी कोणी विचारलं तर आठवणीपेक्षा वही जास्त कामाला येते.

त्याने मेसेज डिलीट केला. आता काय?

पाठवणाऱ्याला आपला मेसेज सगळ्यांसाठी पुसायला साधारण दोन दिवसांहून थोडा जास्त वेळ मिळतो. म्हणून दिसल्याबरोबर टिपणं महत्त्वाचं. तुम्ही टिपला नसेल तर ग्रुपमधल्या दुसऱ्या कोणाकडे त्याचं चित्र आहे का, हे खासगीत विचारा. ग्रुपवर विचारू नका.

"व्ह्यू वन्स" फोटोचा स्क्रीनशॉट निघत नाही. तो पुन्हा उघडताही येत नाही, म्हणून पहिल्यांदा उघडतानाच दुसऱ्या फोनने टिपावा लागतो. एक अपवाद मात्र काटेकोर पाळा: चित्र लहान मुलाचं लैंगिक स्वरूपाचं असण्याची शक्यता असेल तर त्याची प्रत कोणत्याही कारणाने काढू नका. कारण पुढे सांगितलं आहे.

ग्रुपवर मेसेज आपोआप नाहीसे होण्याची सोय चालू असेल, तर २४ तास, ७ दिवस किंवा ९० दिवसांनी सगळं जातं. अ‍ॅडमिननी सोसायटी, शाळा आणि ऑफिसच्या ग्रुपवर ही सोय चालू ठेवू नये असं आमचं स्पष्ट मत आहे. जागा वाचते खरी, पण पुरावाही तिच्याबरोबर जातो.

अ‍ॅडमिनला तक्रार कशी लिहायची?

थोडक्यात, खासगीत, आणि काय हवं ते सांगून. "तो माणूस फारच वाईट आहे, काहीतरी करा" यावर अ‍ॅडमिनला काही करता येत नाही. असं लिहा:

"दि. १२, रात्री ११.४०. अमुक यांनी ग्रुपवर माझ्याबद्दल पुढील शब्द लिहिले. ८ तारखेलाही असाच मेसेज होता. दोन्हींचे स्क्रीनशॉट जोडले आहेत. मेसेज काढावा आणि पुन्हा असं करू नये असं त्यांना कळवावं. माझं नाव त्यांना किंवा ग्रुपवर सांगू नये. उद्या संध्याकाळपर्यंत काय ठरलं ते कळवाल का?"

शिवी असेल तर ती जशीच्या तशी लिहा. लाजून "घाणेरडं बोलला" असं लिहिलं की वाचणाऱ्याला ते सौम्य वाटतं. एकापेक्षा जास्त अ‍ॅडमिन असतील तर दोघांना एकाच वेळी पाठवा, म्हणजे एकाने डोळेझाक केली तरी दुसऱ्याला माहीत असतं.

अ‍ॅडमिनच त्रास देत असेल, किंवा त्रास देणारा त्याचा मित्र असेल तर?

ग्रुप कोणाच्या छत्राखाली चालतो ते पाहा. सोसायटीचा असेल तर व्यवस्थापक समितीकडे लेखी अर्ज देऊन पोच घ्या. शाळेचा असेल तर मुख्याध्यापकांकडे, मंडळाचा असेल तर अध्यक्षांकडे जा. छत्र नसेल तर ग्रुप ही फक्त एक खोली आहे. तिथून बाहेर पडून आपल्यासारख्या दहा-पंधरा जणांनी दुसरा ग्रुप काढणं हा पळपुटेपणा नाही. ग्रुप सोडल्याची सूचना आता फक्त अ‍ॅडमिनना जाते, सगळ्यांना नाही. मात्र सोडून गेलेल्यांची यादी ६० दिवसांपर्यंत सदस्यांना पाहता येते.

सोसायटीच्या ग्रुपमधून कोणाला काढलं म्हणून त्याच्या सभासदत्वाला धक्का लागत नाही. सभेच्या नोटिसा आणि बिलं त्याला उपविधीप्रमाणे मिळायलाच हवीत. "तुला ग्रुपवरच काढला, आता तुला कळणार नाही" ही धमकी पोकळ आहे.

व्हॉट्सअ‍ॅपचं "रिपोर्ट" बटण दाबल्यावर नक्की काय होतं?

एरवी कंपनीला ग्रुपमधला मजकूर दिसत नाही, कारण मेसेज एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत कुलूपबंद असतात. तुम्ही रिपोर्ट केल्यावर त्या माणसाने किंवा ग्रुपने तुम्हाला पाठवलेले शेवटचे पाच मेसेज कंपनीकडे जातात. ज्याला रिपोर्ट केलं त्याला हे कळवलं जात नाही.

यातून दोन व्यावहारिक गोष्टी निघतात. एक: ग्रुपमध्ये त्या शिवीनंतर "शुभ सकाळ"ची गुलाबाची चित्रं पन्नास आली असतील आणि तुम्ही आख्खा ग्रुप रिपोर्ट केला, तर कंपनीकडे गुलाब जातील. म्हणून तो एकच मेसेज दाबून धरून तिथूनच रिपोर्ट करा. दोन: रिपोर्ट करताना "ग्रुप सोडा आणि चॅट डिलीट करा" अशी खूण आधीच केलेली असू शकते. ती न बघता पुढे गेलात तर पुरावा तुमच्याच हाताने पुसला जातो. खूण काढा, मगच पुढे जा.

आणि कंपनी कारवाई करते ती खात्यावर, तुमच्या ग्रुपच्या शिस्तीसाठी नव्हे. अ‍ॅडमिनकडे तक्रार आणि कंपनीकडे रिपोर्ट ही दोन वेगळी कामं आहेत. एकाने दुसरं होत नाही.

नुसतं ब्लॉक केलं तर भागत नाही का?

व्हॉट्सअ‍ॅपवरचे वैयक्तिक मेसेज आणि कॉल थांबतात, पण एकाच ग्रुपमध्ये असाल तर त्याचं बोलणं तुम्हाला आणि तुमचं त्याला दिसत राहतं. शिवाय उद्या तो दुसऱ्या बाईंना त्रास देईल, ते अ‍ॅडमिनला कळायला तुमच्या तक्रारीचाच उपयोग होतो. ब्लॉक जरूर करा, पण पुरावा आणि तक्रारीनंतर.

ब्लॉक करण्याआधी एकच वाक्य लिहून पाठवा: "मला मेसेज करू नका." भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ मध्ये बाईने स्पष्ट नापसंती दाखवूनही पुन्हा पुन्हा संपर्क साधत राहणं हा पाठलागाचा गुन्हा ठरतो. ते एक वाक्य म्हणजे त्या नापसंतीचा पुरावा. समजुतीचा लांब मेसेज, हसरी इमोजी, "प्लीज हां" असलं काही त्यात नको.

मी अ‍ॅडमिन आहे. तक्रार आली. पहिल्या तासात काय करू?

पोच द्या. "मिळाली. उद्या संध्याकाळी सातपर्यंत काय ठरलं ते सांगतो." बास. तक्रार केली आणि विहिरीत दगड टाकल्यासारखं काहीच ऐकू आलं नाही, की माणसं पुन्हा तक्रार करत नाहीत. मग अ‍ॅडमिनला वाटतं, आपला ग्रुप किती शांत आहे! तक्रार न येणं आणि त्रास नसणं या वेगळ्या गोष्टी आहेत. तक्रार करणाऱ्याचे कष्ट कमी करणं हेच तुमचं मुख्य काम आहे. नियम आणि शिक्षा त्यानंतर येतात.

दुसरं, मेसेजची प्रत घ्या आणि मग तो काढा. अ‍ॅडमिनला कोणाचाही मेसेज दाबून धरून सगळ्यांसाठी डिलीट करता येतो, आणि तिथे "अमुक अ‍ॅडमिनने हा मेसेज डिलीट केला" असं नाव सगळ्यांना दिसतं. म्हणजे तुमचं नाव लागणारच. ते लपवायचा प्रयत्न नको. खाली एक ओळ टाका: "नियम ३ प्रमाणे मेसेज काढला आहे. त्यावर इथे चर्चा नको, प्रश्न असेल तर मला खासगीत विचारा."

तिसरं, ग्रुप पेटला असेल तर सेटिंगमध्ये जाऊन मेसेज पाठवण्याची परवानगी फक्त अ‍ॅडमिनपुरती करा. पण कधी उघडणार ते त्याच क्षणी लिहा: "रात्री दहापर्यंत ग्रुप बंद." वेळ न सांगता कुलूप लावलं की लगेच "मुस्कटदाबी"चा आरोप होतो, आणि तो पूर्ण चुकीचाही नसतो.

तक्रार करणाऱ्याचं नाव आरोपीला सांगायचं नाही. "सुलभाताईंना वाईट वाटलंय" असं सहज बोलून जाणाऱ्या अ‍ॅडमिनमुळे सुलभाताईंचं जिणं नकोसं होतं. "हा मेसेज नियमात बसत नाही" एवढंच बोला. मेसेज ग्रुपवर सगळ्यांनी पाहिलेला असतो, तक्रार कोणाचीही असू शकते.

नियम किती असावेत?

सहा-सात, प्रत्येकी एक ओळ, आणि ग्रुपच्या वर्णनात. "सभ्य भाषा वापरा" हा नियम नव्हे, कारण सभ्य कशाला म्हणायचं यावरच पुढे भांडण होतं. काय चालणार नाही ते नेमकं लिहा. उदाहरणार्थ:

१. कोणाच्याही जात, धर्म, शरीर, लग्न, आजार यांवर शेरा नाही.
२. ग्रुपमधून नंबर घेऊन कामाव्यतिरिक्त खासगी मेसेज नाही.
३. दुसऱ्याचा फोटो, पत्ता, फोन नंबर त्याला विचारल्याशिवाय टाकायचा नाही.
४. खात्री न केलेली बातमी, विशेषतः मुलं पळवणे, दंगल, औषधं यांबद्दलची, फॉरवर्ड करायची नाही.
५. जाहिरात फक्त रविवारी.
६. तक्रार या दोन नंबरांपैकी कोणत्याही एकावर. २४ तासांत उत्तर मिळेल.

सहावी ओळ बहुतेक ग्रुपांत नसते, आणि सगळ्यात जास्त उपयोगी तीच आहे. त्या दोन नंबरांपैकी एक बाईंचा असावा.

शिक्षेच्या पायऱ्या कशा ठेवाव्यात?

आधी मेसेज काढून खासगीत समज. पुन्हा घडलं तर सगळ्या अ‍ॅडमिनच्या वतीने लेखी ताकीद. तिसऱ्यांदा सात दिवस बाहेर. मग कायमचं बाहेर. सहा महिने काही घडलं नाही तर पाटी कोरी.

इथे व्हॉट्सअ‍ॅपची एक अडचण आहे. एकाच सदस्याचं बोलणं तात्पुरतं थांबवायची सोय त्यात नाही. "सात दिवस बाहेर" म्हणजे काढायचं आणि आठव्या दिवशी आठवणीने परत घ्यायचं. कॅलेंडरमध्ये टिपून ठेवा, कारण विसरलात तर शिक्षा आपोआप कायमची होते आणि पुढच्या वेळी तुमच्या शब्दाला किंमत राहत नाही. टेलिग्रामवर ठरावीक मुदतीसाठी एखाद्याचं लिहिणं बंद करता येतं, फेसबुक ग्रुपमध्येही सदस्याला काही काळासाठी निलंबित करण्याची सोय आहे. टेलिग्रामच्या "रीसेंट अ‍ॅक्शन्स"मध्ये कोणत्या अ‍ॅडमिनने काय केलं त्याची नोंद ४८ तास राहते. तेवढ्यात आवश्यक ते टिपून घ्या.

काही गोष्टींना पायऱ्या नाहीत. जिवाची किंवा बलात्काराची धमकी, कोणाचा खासगी फोटो, मुलांबद्दलचा लैंगिक मजकूर, जातीवाचक शिवीगाळ यांत पहिल्याच वेळी बाहेर. प्रत आधी, काढणं नंतर, हा क्रम इथेही लागू. मुलांबद्दलच्या मजकुराला मात्र नाही.

दोघांना समोरासमोर बसवून मिटवलं तर?

पार्किंगच्या वादात जरूर बसवा, चहा पाजा. त्रासाच्या तक्रारीत नको. ज्या बाईंना रात्री मेसेज येत होते त्यांना त्याच माणसासमोर बसवून "झालं गेलं विसरा" म्हणणं म्हणजे तोंड दाबून बुक्क्यांचा मार. तिथे त्या "हो" म्हणतात, कारण त्यांना दुसरं काही म्हणायला जागाच ठेवलेली नसते. माफी हवी की नको हे त्यांना एकट्यांना विचारा. हवी असेल तर ती लेखी, अ‍ॅडमिनमार्फत द्यावी. भेट नको.

खोटी किंवा उलटी तक्रार आली तर?

एकाची तक्रार आली की तासाभरात दुसऱ्याचीही येते. चोराच्या उलट्या बोंबा असतात, तशी खरोखर दोन्हीकडून झालेली शिवीगाळही असते. ओळखायचा मार्ग म्हणजे क्रम. पहिला मेसेज कोणाचा, थांबायला कोणी सांगितलं, त्यानंतर कोण थांबलं? चॅट वरून खाली वाचा, कोणी पाठवलेल्या कात्रणांवरून ठरवू नका. आणि जो अ‍ॅडमिन दोघांपैकी कोणाचा नातेवाईक, शेजारी किंवा भागीदार आहे त्याने त्या प्रकरणात मत द्यायचं नाही. म्हणूनच अ‍ॅडमिन किमान तीन हवेत. एक बाजूला झाला तरी दोघे उरतात.

पुरावा नसलेली तक्रार म्हणजे खोटी तक्रार नव्हे. नोंद ठेवा, कारवाई थांबवा, लक्ष ठेवा.

सदस्याने काही टाकलं तर अ‍ॅडमिन म्हणून माझ्यावर गुन्हा होतो का?

केवळ अ‍ॅडमिन आहे म्हणून नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने मार्च २०२१ मध्ये गोंदिया जिल्ह्यातल्या प्रकरणात हे स्पष्ट केलं. अ‍ॅडमिनला मेसेज ग्रुपवर येण्याआधी तपासता येत नाही, त्यामुळे सदस्याशी संगनमत किंवा आधी ठरवलेला बेत दिसला नाही तर त्याच्या मजकुराची जबाबदारी अ‍ॅडमिनवर येत नाही, असा त्याचा आशय. पण स्वतः त्या मेसेजला पसंतीचा 'अंगठा' (इमोजी) दिला, तो पुढे पाठवला, "बरोबर बोललास" लिहिलं, तर ती तुमची स्वतःची कृती ठरते.

ऑनलाइन आक्षेपार्ह मजकुराबद्दल शिक्षा सांगणारं माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६अ सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी रद्द केलं आहे. ते दाखवून कोणी घाबरवत असेल तर घाबरू नका.

अफवा ही "वाईट वागणूक" का मानायची?

धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात १ जुलै २०१८ रोजी मुलं पळवणारी टोळी समजून जमावाने पाच जणांना ठार केलं. ते भिक्षेकरी नाथपंथी डवरी गोसावी समाजातले होते. ती अफवा मोबाइलवरून फिरत होती. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एका वेळी फक्त पाच चॅटना फॉरवर्ड करण्याची मर्यादा घालायला सुरुवात केली, आणि २०२० मध्ये खूप वेळा फिरलेला मेसेज एका वेळी एकाच चॅटला पाठवता येईल असं केलं. दुहेरी बाणाची खूण दिसली की तो मेसेज किमान पाच हातांतून आलेला आहे.

अशा वेळी मेसेज काढणं पुरत नाही, कारण तो वाचून झालेला असतो. काढा, आणि त्याच जागी "ही बातमी खरी असल्याचं कोणीही सांगितलेलं नाही, पुढे पाठवू नका, शंका आली तर ११२ वर फोन करा" असं लिहा. वाहनाचा नंबर किंवा अनोळखी माणसाचा फोटो असेल तर एक मिनिटही थांबू नका.

खासगी फोटो किंवा व्हिडिओ पसरवला गेला तर?

पैसे देऊ नका. मागणी थांबत नाही, वाढते. पुरावा ठेवा आणि मग तीन कामं एकाच दिवशी करा.

ज्या अ‍ॅपवर आहे तिथे रिपोर्ट करा आणि त्यांच्या भारतातल्या तक्रार अधिकाऱ्याला लिहा. स्टॉपएनसीआयआय या मोफत सेवेवर जा. ती १८ वर्षांवरच्यांसाठी आहे. फोटो तुमच्या फोनवरून बाहेर जात नाही, त्याचा फक्त अंकी ठसा तयार होतो आणि सहभागी कंपन्या त्यावरून तो चढवणं रोखतात. वय १८ च्या आत असतानाचा फोटो असेल तर "टेक इट डाऊन" ही तशीच दुसरी सेवा आहे. आणि सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन या सरकारी पोर्टलवर तक्रार नोंदवा. बायका आणि मुलांविषयीच्या अशा तक्रारी तिथे नाव न देताही करता येतात, पण तपास पुढे जायला हवा असेल तर नाव दिलेलं बरं.

मजकूर लहान मुलांचा असेल तर नियम उलटे होतात. स्क्रीनशॉट काढू नका, एक्स्पोर्ट करू नका, "बघा हे काय आलंय" म्हणून दुसऱ्या अ‍ॅडमिनला पाठवू नका. तो साठवणं आणि पुढे पाठवणं गुन्हा ठरू शकतं. सप्टेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने यावर कडक निकाल दिला आहे. नंबर, तारीख, वेळ आणि ग्रुपचं नाव कागदावर लिहा आणि पोलिसांना कळवा. मुलांच्या लैंगिक शोषणाविरुद्धच्या पॉक्सो कायद्याखाली अशी माहिती असलेल्याने कळवणं बंधनकारक आहे. मुलाला मदत हवी असेल तर १०९८.

कंपनीने "आमच्या नियमांचा भंग नाही" असं उत्तर दिलं. पुढे?

रिपोर्ट बटण आणि तक्रार अधिकारी वेगळे आहेत, हेच पुष्कळांना माहीत नसतं. २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांप्रमाणे अशा अ‍ॅपला तक्रार अधिकारी नेमून त्याचा पत्ता आपल्या साइटवर द्यावा लागतो. त्याने २४ तासांत पोच द्यायची. निकालासाठी मूळ नियमात १५ दिवस होते, २०२२ च्या दुरुस्तीने बऱ्याच प्रकारचा मजकूर काढण्यासाठी ७२ तासांची मुदत आली. नग्नता किंवा तोतयेगिरीच्या तक्रारीला मूळ नियमानेच २४ तास दिले होते. मुदती आवळत चालल्या आहेत, म्हणून अर्जाच्या दिवशी लागू असलेली मुदत बघून ती अर्जातच लिहा.

उत्तर पटलं नाही किंवा आलंच नाही, तर सरकारच्या तक्रार अपील समितीकडे जा. पत्ता जीएसी डॉट जीओव्ही डॉट इन. उत्तर मिळाल्यापासून ३० दिवसांच्या आत अपील करायचं, सगळं ऑनलाइन आहे. मूळ तक्रारीची प्रत, पोच आणि कंपनीचं उत्तर जोडावं लागतं, म्हणून पहिल्या दिवसापासूनचे ईमेल पुसू नका.

पोलिसांकडे कधी जायचं?

धमकी, पाठलाग, खासगी फोटो, पैशांची मागणी, जातीवाचक शिवीगाळ यांत थेट. ग्रुपच्या निर्णयाची वाट पाहायची नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कुठेही घडलेला असो, दखलपात्र (म्हणजे पोलिसांना न्यायालयाच्या आदेशाशिवाय तपास करता येतो असा) असेल तर कोणत्याही ठाण्यात नोंदवता येतो. "ते आमच्या हद्दीत नाही" हे उत्तर चालत नाही. ऑनलाइन दिलेली माहिती तीन दिवसांत सही केल्यावर नोंदली जाते. पैसे गेले असतील तर सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर लगेच फोन करा, तासांवर सगळं अवलंबून असतं.

न्यायालयात चॅट दाखल करताना भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र लागतं. त्याचे दोन भाग असतात, एक फोन ज्याच्या ताब्यात आहे त्याने भरायचा आणि दुसरा तज्ज्ञाने. मूळ फोन जपायला सांगतो तो यासाठीच.

ऑफिसचा ग्रुप असेल तर? आणि जातीचा किंवा गावकीचा?

ऑफिसच्या ग्रुपवरची लैंगिक शेरेबाजी ही कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याखाली ऑफिसच्या अंतर्गत समितीकडे नेता येते. घटनेपासून तीन महिन्यांच्या आत लेखी तक्रार हवी. अ‍ॅडमिनने मेसेज काढला म्हणून समितीचं काम संपत नाही.

गावकीच्या किंवा जातीच्या ग्रुपवर "अमक्याच्या घरी कोणी जायचं नाही, लग्नाला बोलवायचं नाही" असा फतवा फिरत असेल तर तो अ‍ॅडमिनने मिटवायचा विषय राहत नाही. सामाजिक बहिष्कार हा महाराष्ट्रात २०१६ च्या कायद्याने गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. तो फतवा टाकणाऱ्याचा नंबर आणि तारीख जपा.

बायकांचे नंबर सगळ्यांना दिसतात. काही उपाय?

ग्रुपऐवजी व्हॉट्सअ‍ॅप कम्युनिटी केली तर सूचनांच्या ग्रुपमध्ये सदस्यांचे नंबर एकमेकांना दिसत नाहीत, अ‍ॅडमिनना दिसतात. मोठ्या सोसायटीला आणि शाळेला हेच योग्य. प्रत्येकाने स्वतःच्या प्रायव्हसी सेटिंगमध्ये "मला ग्रुपमध्ये कोण घेऊ शकतं" तिथे "माझे संपर्क" ठेवावं. नवीन सदस्यांना अ‍ॅडमिनची मंजुरी लागेल असं करा, आणि आमंत्रणाची लिंक कुठे बाहेर गेली तर "रीसेट" करा. जुनी लिंक तिथेच मरते.

अ‍ॅडमिन म्हणून दमायला होतं. किती करायचं?

पाळी लावा. तिघांत आठवडा वाटून घ्या. रात्री दहा ते सकाळी सात फक्त धमकी आणि अफवा, बाकी सगळं सकाळी. गणपती, निवडणूक आणि सोसायटीची वार्षिक सभा या काळात तक्रारी वाढतात. तेव्हा चौथा माणूस आधीच ठरवून ठेवा. घाणेरडे मेसेज एकट्याने वाचत बसू नका, निर्णय दोघांनी मिळून घ्या.

तक्रारींची नोंद किती दिवस ठेवायची?

तारीख, प्रकार, काय केलं, कोणी ठरवलं एवढ्या चार रकान्यांची एक शीट पुरते. तक्रार करणाऱ्याचं नाव त्यात नको, वेगळ्या कागदावर ठेवा. एक वर्षाने पुसा. प्रकरण पोलिसांत किंवा न्यायालयात असेल तर ते निकाली निघेपर्यंत हात लावू नका. आणि अ‍ॅडमिन बदलला की शीटचा ताबा त्याच दिवशी नव्याकडे द्या, जुन्याच्या फोनवर प्रत राहू देऊ नका.